‘ओके’ नको, आकडा लिहा : पवनचक्कीच्या देखभालीवर वाचकांचे प्रश्न

सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांतल्या पवनचक्क्यांच्या देखभालीबद्दल बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर), ग्रीस आणि वाऱ्याच्या मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या वेळी त्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा धरावा.

प्रश्न : मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करतो आहे. सहामाही सर्व्हिसिंगसाठी टीम मशीनवर चढते तेव्हा नेमके काय करते? कामाचा क्रम काय असतो?
— विद्यार्थी, पाटण

उत्तर : काम खालूनच सुरू होते. आधी कंट्रोल रूमला लोकेशन नंबर कळवून मशीन थांबवायचे. मग पायथ्याच्या पॅनेलवर ‘सर्व्हिस मोड’ लावायचा, म्हणजे लांबून कोणालाही मशीन चालू करता येत नाही. पॅनेलला आपले कुलूप आणि टॅग लावायचा. किल्ली ज्याने कुलूप लावले त्याच्याच खिशात राहते. कमीत कमी दोघे जण लागतात, एकट्याने चढायचे नाही. हार्नेस, दोन हुकांचा लॅनयार्ड, शिडीच्या रेलवर चालणारा फॉल अरेस्टर आणि वरून माणूस खाली सोडण्याचे रेस्क्यू किट, यांची तपासणीची तारीख चढण्याआधी बघायची. हत्यारे पिशवीत, आणि पिशवीतली प्रत्येक वस्तू दोरीला बांधलेली. सत्तर मीटरवरून निसटलेला पाना हेल्मेट असले तरी जीव घेतो.

वर नॅसेलमध्ये, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्रघरात, पोचल्यावर लगेच चिंधी हातात घेऊ नका. आधी टॉर्च मारून सगळीकडे बघा आणि फोटो काढा. तेल नेमके कुठून आले आहे, ब्रेकच्या चकतीभोवती काळी पूड किती साचली आहे, जनरेटरच्या बेअरिंगमधून ग्रीस गळून तपकिरी झाले आहे का, हे पुसण्याआधीच दिसते. पुसून चकाचक केलेल्या नॅसेलमध्ये निदान करायला काही उरत नाही.

मग हब, म्हणजे तिन्ही पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग. पाती वाऱ्याला आडवी न ठेवता धारेवर वळवायची, ब्रेक लावायचा आणि रोटर लॉकची, म्हणजे पाती आणि हब जखडून ठेवणारी, पिन चकतीच्या भोकात पूर्ण बसवायची. नुसता ब्रेक म्हणजे लॉक नव्हे. पिन बसली नसेल किंवा वारा मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर हबमध्ये शिरायचे नाही. आत गेल्यावर पाती ज्यांवर वळतात त्या तिन्ही पिच बेअरिंगना ग्रीस द्यायचे, दातांची झीज बघायची आणि पिचच्या बॅटऱ्या लोडवर तपासायच्या. ग्रिड गेली की याच बॅटऱ्या पाती वळवून मशीन थांबवतात. नुसते व्होल्टेज मोजून बॅटरीची खात्री होत नाही, कारण मेलेली बॅटरीही लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. ग्रिडचा सप्लाय काढून बॅटरीवर पाते शेवटपर्यंत वळवायचे आणि त्या वेळी व्होल्टेज कितीपर्यंत उतरले ते लिहायचे. हायड्रॉलिक पिचच्या मशीनला बॅटरीऐवजी दाब साठवणारे ॲक्युम्युलेटर असतात. त्यांचा नायट्रोजनचा दाब मोजावा लागतो.

पुढे मेन बेअरिंग, गिअरबॉक्स, ब्रेक पॅडची जाडी, कपलिंग, जनरेटर, यॉचे (नॅसेल वाऱ्याकडे फिरवणाऱ्या यंत्रणेचे) पॅड आणि दात असे मागे मागे येत जायचे. ग्रीस देताना हात सैल सोडू नका. जनरेटरच्या बेअरिंगला जास्त ग्रीस झाले की ते आत घुसळले जाते, तापते आणि बेअरिंग कोरडे पडल्यासारखेच खराब होते. मॅन्युअलमध्ये ६० ग्रॅम असेल तर ६०च. ग्रीस गनच्या दहा दाबांत किती ग्रॅम येते ते आधी खाली साध्या काट्यावर तोलून घ्या, म्हणजे वर दाब मोजले की झाले. ज्या जनरेटरला स्लिप रिंग आहे तिथे कार्बन ब्रशची उरलेली लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि कार्बनची पूड व्हॅक्यूमने ओढून घ्या. फुंकर मारली तर ती वाइंडिंगमध्ये जाऊन बसते आणि पुढे दमट हवेत शॉर्ट होते.

वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या विंड वेनवरची शून्याची खूण नॅसेलच्या अक्षाशी जुळते का, ही दोन मिनिटांची तपासणी बहुतेक वेळा राहून जाते. वेन १० अंशांनी फिरलेली असेल तर मशीन कायम वाऱ्याला तिरके उभे राहते आणि ढोबळ हिशेबाने ४ ते ५ टक्के वीज कमी देते. मशीन चालू असते, एरर काही येत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटी इमर्जन्सी स्टॉप, ओव्हरस्पीड, व्हायब्रेशन आणि केबल ट्विस्टचे सेन्सर एकेक करून उडवून बघायचे. हत्यारे मोजायची, रोटर लॉक काढल्याची खात्री करायची आणि उतरायचे.

प्रश्न : आमच्या मालकीचे १२५० किलोवॅटचे एक मशीन सांगली जिल्ह्यात आहे. देखभालीच्या करारात ९५ टक्के उपलब्धतेची हमी आहे आणि ती दरवर्षी पाळलीही जाते. तरी युनिट कमी येतात. कुठे बघावे?
— यंत्रमाग व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : ९५ टक्के ऐकायला चांगले वाटते. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले ५ टक्के म्हणजे ४३८ तास, जवळजवळ १८ दिवस मशीन बंद राहिले तरी हमी मोडत नाही. हे १८ दिवस कधीचे, यावर तुमचे पैसे ठरतात. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम मुख्यतः जून ते सप्टेंबर. जुलैत मशीन सरासरी निम्म्या क्षमतेने चालते असे धरले तर दिवसाला १५,००० युनिट, १८ दिवसांचे २ लाख ७० हजार. फेब्रुवारीत सरासरी १५० किलोवॅट धरले तर दिवसाला ३,६०० युनिट आणि १८ दिवसांचे ६४,८००. करारातली टक्केवारी दोन्ही वेळी सारखीच.

म्हणून पुढच्या करारात तासांच्या उपलब्धतेबरोबर युनिटच्या उपलब्धतेची अट घाला. म्हणजे मशीन बंद असताना वारा किती होता आणि त्यात किती वीज झाली असती, याचा हिशेब. तो स्काडातल्या, म्हणजे मशीनच्या संगणकीय नोंदप्रणालीतल्या, दहा-दहा मिनिटांच्या नोंदींवरून काढता येतो. त्या नोंदी मालकाला मिळाल्या पाहिजेत हेही लिहून घ्या. ग्रिड बंद असल्याचे तास कोणत्या खात्यात टाकले आहेत तेही बघा. फीडर (मशीनला ग्रिडशी जोडणारी वीजवाहिनी) दहा मिनिटांत परत आला पण मशीन रीसेट व्हायला चार तास लागले, तर त्यातली दहा मिनिटेच ग्रिडची.

दुसरी गोष्ट तारखांची. नियोजित देखभाल, तेल बदलणे, पात्यांची दुरुस्ती, बॅटऱ्या बदलणे ही कामे फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत संपलेली हवीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ‘शेड्यूल मेंटेनन्स’च्या नावाखाली मशीन बंद दिसले तर कारण विचारा.

आणि रिपोर्ट मागवाल तेव्हा टिक मारलेली चेकलिस्ट स्वीकारू नका. ‘ब्रेक पॅड – ओके’ या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही. ‘ब्रेक पॅड – १४ मि.मी.’ असे लिहिले असेल आणि गेल्या वेळी १९ होते, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत तो टिकेल की नाही हे कोणीही सांगू शकतो. पॅडची जाडी, ब्रशची लांबी, बॅटरीचे लोडवरचे व्होल्टेज, अर्थिंगचे ओहम, जनरेटरचे मेगर (इन्सुलेशनचा रोध), अलाइनमेंटचे मिलिमीटर : इतके आकडे मागच्या तीन रिपोर्टांशेजारी लावले तरी मशीनची प्रकृती कळते. तिन्ही वर्षी आकडे अगदी सारखे असतील तर कोणी मोजलेच नाही असे समजा.

प्रश्न : आमच्या शेताशेजारच्या पवनचक्कीच्या एका पात्याचा आवाज महिनाभरापासून बदलला आहे. शिट्टीसारखा येतो, एका फेऱ्यात एकदाच. मनोऱ्यावर वरून खाली काळा ओघळही दिसतो. धोका आहे का?
— शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : एका फेऱ्यात एकदाच आवाज येतो हे तुम्ही नेमके टिपले आहे. याचा अर्थ तीनपैकी एकाच पात्यात काहीतरी आहे. शिट्टीची नेहमीची कारणे तीन. पात्याच्या पुढच्या कडेवर लावलेली संरक्षक टेप सुटून फडफडते. पुढची कड पावसाने कुरतडली जाते. किंवा टोकाकडे चीर पडते किंवा भोक होते आणि हवा त्यातून घुसते. एप्रिल-मेच्या वळिवात त्या मशीनवर वीज पडली असेल तर तिसरे कारण आधी तपासावे.

कड कुरतडते कशी, हे वेगावरून कळेल. ८८ मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला १६ फेरे घेतो तेव्हा पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ७४ मीटर, म्हणजे ताशी २६५ किलोमीटरने जाते. त्या वेगाने पावसाचा थेंब आपटला की प्रत्येक वेळी सूक्ष्म घाव बसतो. आधी रंगावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग खड्डे, मग जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) निघून आतले काचतंतू उघडे पडतात. ठिपक्यांच्या टप्प्यावर घासून, भरून, नवा थर देऊन काम भागते. काचतंतूत पाणी शिरल्यावर दुरुस्ती महागते. ही दुरुस्ती दोरावर लटकून किंवा प्लॅटफॉर्मवरून करतात आणि पाते कोरडे असावे लागते. पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही.

पात्याच्या टोकाशी पाणी निघून जायला बारीक भोक असते. धूळ आणि किडे बसून ते बुजले की पोकळ पात्यात पाणी साठते. अशा पात्यावर वीज पडली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि पाते टोकाकडून उभे फाटते. भोक मोकळे करायला वायरचा तुकडा पुरतो. न केल्यास पाते जाते. तपासणीच्या यादीतली इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित बाब दुसरी नाही.

काळा ओघळ तेलाचा किंवा ग्रीसचा असतो. वरच्या कडेपासूनच सुरू झाला असेल तर यॉचे ग्रीस किंवा गिअरबॉक्सचे तेल, मधल्या जोडापासून सुरू झाला असेल तर आतून वाहत आलेले. ओघळ जुना, वाळलेला, धूळ बसलेला असेल तर घाई नाही. ओला, चकाकणारा आणि रोज लांब होणारा असेल तर लगेच कळवा. मनोऱ्याच्या दारावर लोकेशन नंबर आणि बहुधा संपर्काचा क्रमांक रंगवलेला असतो. नंबर, तारीख, वेळ आणि मोबाइलवर आवाजाचे अर्ध्या मिनिटाचे रेकॉर्डिंग पाठवा. ‘आवाज येतो’ एवढ्या निरोपापेक्षा त्याचा पाठपुरावा जास्त होतो. तोवर फिरत्या पात्यांच्या खाली आणि रेषेत बसणे, जनावरे बांधणे टाळा. पिकावर तेल पडले असेल तर ते झाड-पाला चारा म्हणून वापरू नका आणि पंचनामा होईपर्यंत फोटो जपून ठेवा.

प्रश्न : गिअरबॉक्सच्या तेलाच्या तीन सलग सहामाही रिपोर्टांत लोह ४५, ६० आणि ११० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आले आहे. लॅबने ‘कॉशन’ लिहिले आहे. तेल बदलले तर पुरेल का?
— साइट इंजिनीअर, कवठे महांकाळ परिसर

उत्तर : तेल बदलले तर पुढच्या रिपोर्टात आकडा छान येईल. बिघाड तसाच राहील आणि तो कुठे आहे हे सांगणारा पुरावा पिंपात जाईल. तेल सध्या राहू द्या.

पहिला प्रश्न नमुन्याचा. तिन्ही वेळी नमुना त्याच जागेवरून, मशीन थांबल्यावर थोड्याच वेळात, तेल गरम असताना घेतला होता का? सुरुवातीचे थोडे तेल सोडून दिले होते का? मशीन दोन दिवस बंद राहून तळाच्या कॉकमधून घेतलेला नमुना गाळ दाखवतो. तिसरा नमुना असा असण्याची शक्यता असेल तर नीट पद्धतीने पुन्हा घ्या. मधल्या काळात टॉपअप किती लिटर झाला हेही लिहा, कारण नवे तेल घातले की पीपीएम आपोआप पातळ होतो.

नमुना बरोबर असेल तर चढ खरा आहे, आणि तो वाढत्या वेगाने आहे : आधी १५ने, मग ५०ने. आता रिपोर्टातला दुसरा आकडा बघा. लॅबची नेहमीची धातुचाचणी साधारण ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा बारीक कणच मोजते. बेअरिंगचे पापुद्रे सुटू लागतात तेव्हा कण त्याहून मोठे असतात आणि त्या चाचणीत येतच नाहीत. म्हणून मोठे लोहकणही मोजणारा पीक्यू इंडेक्स किंवा फेरस डेन्सिटी मागवा. पीपीएम वाढतोय आणि पीक्यू स्थिर असेल तर झीज बारीक, घासण्याची आहे. पीक्यूही उडी मारत असेल तर तुकडे पडत आहेत. तांबे वाढले असेल तर संशय बेअरिंगच्या पितळी केजवर (रोलर धरून ठेवणाऱ्या चौकटीवर), सिलिकॉन वाढले असेल तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या वाटेतून) शिरलेल्या धुळीवर. पाणी ५०० पीपीएमच्या वर गेले असेल तर ब्रीदरमधले शोषक संपले आहे; घाटमाथ्यावरच्या धुक्यात ते पुस्तकात लिहिलेल्या मुदतीपेक्षा फार लवकर संपते.

यानंतर वर जा. चुंबकी प्लग आणि फिल्टर काढून बघा. प्लगवर करडी, लोण्यासारखी लगदी असणे नेहमीचे आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे, चमकणारे चपटे पापुद्रे असतील तर कुठल्या तरी बेअरिंगच्या धावेचे (रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीचे) पापुद्रे सुटत आहेत. फिल्टर कापून उघडा आणि घड्या पांढऱ्या कागदावर झटका. मग तपासणीच्या झाकणातून बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा) घालून जनरेटरकडच्या हाय-स्पीड शाफ्टचे बेअरिंग आधी, मधला इंटरमीडिएट शाफ्ट नंतर, आणि शेवटी रोटरकडची प्लॅनेट स्टेज बघा. रोटर मिनिटाला १६ ते २० फेऱ्यांनी फिरतो आणि जनरेटर १,५०० फेऱ्यांच्या आसपास. सगळ्या टप्प्यांत वेग सर्वांत जास्त हाय-स्पीड बाजूला असतो आणि गिअरबॉक्सच्या तक्रारी दातांपेक्षा बेअरिंगपासून जास्त सुरू होतात. कंपनांची मोजणी बसवलेली असेल तर त्या बेअरिंगच्या वारंवारितेला शिखर दिसते का ते बघा.

कारणही शोधा, नाहीतर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाईल. लेसरने गिअरबॉक्स आणि जनरेटरची अलाइनमेंट मोजा. खालचे रबर माउंट काही वर्षांत बसतात आणि शाफ्ट खाली येतो. कमी वाऱ्यात, हलक्या भारावर रोलर नीट न फिरता घसरतात, आणि फीडर वारंवार ट्रिप होत असेल तर दर ट्रिपला उलट झटका बसतो. तुमच्या फीडरचा ट्रिपचा इतिहास रिपोर्टाला जोडा.

या सगळ्याची घाई का, तर हाय-स्पीड शाफ्टचे बेअरिंग बऱ्याच मॉडेलवर वरच्या वर बदलता येते, क्रेन लागत नाही. प्लॅनेट स्टेजपर्यंत तुकडे पोचले की गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यासाठी मोठी क्रेन आणि तिला चालेल असा रस्ता हवा. पठारावरचा कच्चा रस्ता जूनमध्ये भिजला की क्रेन ऑक्टोबरपर्यंत चढत नाही आणि अख्खा हंगाम मशीन उभे राहते. एप्रिलच्या आत बोरस्कोप करून घ्या.

प्रश्न : भरपूर वारा असताना एखादीच पवनचक्की उभी का असते? बंद पडलेली असते का?
— वाचक, सातारा

उत्तर : नेहमीच नाही. वरचे ॲनेमोमीटर सेकंदाला ३ ते ४ मीटर वारा दाखवेपर्यंत मशीन सुरू होत नाही आणि मॉडेलनुसार २० ते २५ मीटरच्या वर गेला की स्वतःहून थांबते. वाऱ्याबरोबर तोंड फिरवताना मनोऱ्यातल्या केबलला पीळ पडत जातो. ठरावीक फेरे झाले की मशीन थांबून उलटे फिरते आणि पीळ सोडवते. त्याला काही मिनिटे लागतात. ग्रिड गेल्यावर सगळी रांग थांबते, परत आल्यावर एकेक सुरू होते. मात्र तेच एक मशीन सलग दोन-तीन दिवस उभे असेल आणि पाती धारेवर वळवलेली असतील तर ते बिघाडात किंवा देखभालीत आहे.

प्रश्न : टॉवरचे बोल्ट बसवताना एकदा घट्ट आवळले असतात. मग दरवर्षी टॉर्किंग कशासाठी?
— डिप्लोमा विद्यार्थिनी, कराड

उत्तर : फ्लँजचा, म्हणजे टॉवरचे तुकडे जिथे एकमेकांना जोडतात त्या कड्यांचा, बोल्ट मुद्दाम ताणून ठेवतात. १०.९ ग्रेडच्या एम-३६ (३६ मि.मी. व्यासाच्या) बोल्टला, आटे आणि वॉशरखाली मॉलिब्डेनम पेस्ट लावून, साधारण २,८०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला की बोल्टमध्ये सुमारे ५१० किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे ५० टनांहून जास्त. दोन फ्लँज इतक्या जोराने दाबलेले असले की वाऱ्याच्या हेलकाव्यांचा फारच थोडा भाग बोल्टपर्यंत पोचतो. ताण ओसरला की प्रत्येक हेलकावा थेट बोल्टवर येतो. मिनिटाला १६ फेऱ्यांनी वर्षात ६,००० तास फिरले तरी ५७ लाख ६० हजार फेरे होतात. सैल बोल्ट इतके हेलकावे सोसत नाही. थकून, बहुधा नटाखालच्या पहिल्या आट्याशी तुटतो. एक तुटला की शेजाऱ्यांवर भार वाढतो.

ताण ओसरतो सुरुवातीला जास्त. पृष्ठभागावरचा रंग, खरखर दाबली जाते, फ्लँज बसतात. म्हणून उभारणीनंतर काहीशे तासांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळतात आणि पुढे दरवर्षी ठरावीक हिस्सा, बऱ्याच मॅन्युअलमध्ये १० टक्के, तपासतात. दर वर्षी वेगळे बोल्ट घ्यायचे आणि घेतलेल्यांवर त्या वर्षाचा रंग लावायचा. नट हलला तर किती अंश हलला ते लिहा. एक जरी मर्यादेपेक्षा जास्त फिरला तर तो फ्लँज पूर्ण तपासायचा. आवळल्यावर नट, वॉशर आणि फ्लँजवरून सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की पाना लावण्याआधीच कळते.

टॉर्कमधला बहुतांश भाग घर्षणातच जातो, ताणात जेमतेम दहावा हिस्सा उतरतो. त्यामुळे गंजलेल्या, कोरड्या आट्यांवर पाना ‘टक’ वाजतो, आकडा पूर्ण दिसतो आणि ताण मात्र निम्माही आलेला नसतो. पान्याचे कॅलिब्रेशन जितके महत्त्वाचे, तितकीच पेस्ट आणि ब्रश महत्त्वाचे. पात्यांच्या मुळाशी आणि हबला असलेल्या बोल्टबाबत तर ही शिस्त आणखी कडक हवी, कारण तिथे भाराची दिशा प्रत्येक फेऱ्यात उलटते.

प्रश्न : विजा होत असताना पवनचक्कीजवळ थांबावे का? अर्थिंगची पट्टी चोरीला गेली तर काय होते?
— ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका

उत्तर : थांबू नये. उंच मनोऱ्यावर वीज पडण्याची शक्यता जास्त असते आणि ती पात्यातल्या तारेने, मनोऱ्यातून जमिनीत उतरते. त्या क्षणी मनोऱ्याच्या आसपासच्या जमिनीत व्होल्टेज पसरते. कुंपणाला किंवा अर्थिंगच्या पट्टीला जनावर बांधणे तर फारच धोक्याचे : पुढच्या आणि मागच्या पायांतल्या अंतरामुळे गायी-म्हशींना माणसापेक्षा जास्त झटका बसतो.

पट्टी तोडून नेली तर विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही. ती कंट्रोल पॅनेल, केबल, ट्रान्सफॉर्मर अशी वाट शोधते. तुटलेली पट्टी दिसली तर हात न लावता कळवा. देखभाल करणाऱ्यांसाठी एक सूचना : अर्थिंगचा रोध एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना मोजा. तो १० ओहमच्या आत हवा. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवर घेतलेला सुंदर आकडा काही सांगत नाही. जांभ्याच्या पठारावर आणि मुरमाड माळावर एका इलेक्ट्रोडने भागत नाही. पायाभोवती पट्टीचे कडे, त्याला जोडलेले अनेक इलेक्ट्रोड आणि खड्ड्यांत बेंटोनाइट लागते. पात्याच्या टोकापासून मुळापर्यंतच्या तारेची सलगताही मोजा. तार मध्येच तुटली असेल तर खालचे अर्थिंग कितीही चांगले असले तरी पाते वाचत नाही.

प्रश्न : वनकुसवडे, चाळकेवाडी भागातली पहिल्या पिढीची मशीन वीस वर्षांच्या पुढे गेली आहेत. ती चालवणे सुरक्षित आहे का? तपासणीत वेगळे काय बघावे?
— निवृत्त वीज अभियंता, सातारा

उत्तर : आंतरराष्ट्रीय मानकानुसार पवनचक्की किमान २० वर्षांच्या आयुष्यासाठी आखतात. विसावे वर्ष संपले म्हणून मशीन धोकादायक ठरत नाही, पण त्यानंतर फक्त नेहमीच्या सर्व्हिसिंगवर विसंबता येत नाही. केंद्र सरकारने २०१६मध्ये रीपॉवरिंगचे (जुन्या मशीनच्या जागी नवी बसवण्याचे) धोरण आणले आणि २०२३मध्ये रीपॉवरिंगबरोबर आयुष्य वाढवण्याचाही समावेश असलेले नवे धोरण जाहीर केले. ज्या जागी वारा उत्तम आहे तिथे जुनी लहान मशीन काढून मोजकी मोठी बसवणे आम्हाला योग्य वाटते. पण रस्ता, जमिनीची मालकी आणि अनेक मालकांची एकमेकांत मिसळलेली मशीन यांचा गुंता सुटेपर्यंत जुनी चालणारच, म्हणून ती नीट तपासायला हवीत.

त्या काळातल्या बऱ्याच लहान मशीनची पाती हबला घट्ट बसवलेली असतात, वळत नाहीत. त्यांचा वेग आटोक्यात ठेवायला पात्याचे टोक आडवे फिरते, त्याला टिप ब्रेक म्हणतात. ते टोक पात्याच्या आतल्या तारदोरावर असते. दोराचे धागे तुटतात, टोकाचा शाफ्ट गंजून अडकतो. तिन्ही टोके एकाच वेळी आणि पूर्ण उघडतात का, हे हंगामाआधी प्रत्यक्ष करून बघा. दोन उघडली आणि एक अडकले तर रोटरचा तोल जातो. मनोरा जाळीचा असेल तर कोपऱ्यांतल्या बोल्टांवरचे जस्त गेलेले, पाणी साठणारे सांधे शोधा. नळीचा असेल तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या आणि फ्लँजजवळच्या वेल्डिंगमध्ये चिरा आहेत का, ते डाय पेनिट्रंट किंवा चुंबकी कणांच्या चाचणीने बघा.

पायाकडे विशेष लक्ष द्या. ज्या मशीनच्या पायात पोलादी रिंग काँक्रीटमध्ये गाडलेली आहे तिथे रिंग आणि काँक्रीट यांच्यातले सील आधी जाते. फटीतून पाणी शिरते, रिंग वाऱ्याबरोबर सूक्ष्म वर-खाली होते आणि ओले सिमेंट दळले जाऊन पांढरट राड बाहेर येते. मनोऱ्याच्या बुंध्याभोवती पावसाळ्यानंतर अशी पांढरी किनार दिसली तर रंग मारून झाकू नका. चार दिशांना डायल गेज लावा, जोराच्या वाऱ्यात मशीन चालू असताना रिंग किती मिलिमीटर हलते ते मोजा, वाऱ्याचा वेग शेजारी लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. हालचाल वाढत असेल तर मशीन थांबवून पायाच्या तज्ज्ञाकडून फटीत दाबाने ग्राउट भरून घ्या आणि सील नवे करा. हे काम कोरड्या दिवसांतच होते, आणि ग्राउट पक्के होईपर्यंत रोटर फिरू द्यायचा नाही.